वर सोडलेला सूर

शनि. ३ जाने.
एक तारखेपासून लिहायचं ठरवलं होतं, आज तीन. आधी पेन नव्हतं. पेन आणायला फतेगंजला गेलो तो चहाला बसलो, तिथून एकाच्या बाइकवर करजणपर्यंत जाऊन आलो. पेन राहिलंच. हे पेन आईचं, भाजीच्या यादीचं.
खरं कारण मंदार. त्याचं नाव लिहायचं नव्हतं. शाळेत माझ्याच बाकावर. आता मंडळाचं नाटक त्याने लिहिलंय, तोच बसवतोय, गाण्यांच्या चालीही त्याच्याच. मी पेटीवर. आई म्हणते, तो एकटा तीन कामं करतो, तू निदान एक तरी पुरं कर.

बुध. ७
तालमीला उशीर. नायिकेचं गाणं ऐकलं आणि बोटंच थांबली. मुखडा माझा! दिवाळीत टपरीवर मी गुणगुणत होतो, हा समोर खारी बुडवत होता. शेवटचा सूर खाली आणायचा नाही, वर सोडून द्यायचा. अगदी तसाच. सगळे वा वा. कुणाला, तर त्याला.

शुक्र. ९
मंदारला गाठलं. म्हणाला, "असेल तुझा. कानात राहिला होता. पण अंतरा कुठंय?"
अंतरा नाही. दिवाळीपासून करतोय. त्याने दोन दिवसांत केला, आणि चांगला केलाय मेल्याने. तेच तर.

गुरु. १५
उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत. दोन दिवस गच्चीवर, बोटं मांज्याने कापली, पेटी बंद. मंदारचा पतंग काही कुणाला कापता आला नाही. त्यातही तोच.

सोम. १९
आईने हिरवा लसूण आणायला खंडेराव मार्केटला पाठवलं. नेहमीच्या भाजीवाल्या रमीलाबेनकडे. ती गुजरातीत हाक देते, "लीलुं लसऽण, लई जाओ बेऽन," आणि तो 'बेन' वर सोडून देते. मग दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळते.
या वहीतही लिहिलं नव्हतं. चाल तिथली. मी वांगी निवडायचं नाटक करत उभा राहून उचलली. पण ऐकली तर मीच ना? मंदारही तिथूनच भाजी नेतो. त्याला कुठे ऐकू आली?
लसूण विसरलो. परत जावं लागलं.

गुरु. २२
मंदारला सांगितलं, मुखड्याला माझं नाव नाही तर पेटीवर बसणार नाही. वाटलं भांडेल. तो म्हणाला, "पडदा उघडायच्या आधी मी स्वतः सांगतो, मुखडा तुझा. तुझाच ना?"
"माझाच."
संहितेच्या कडेला पेन्सिलीने लिहून घेतलं. इतकं सरळ दिलं की अजूनच राग आला. मोठेपणाही यालाच.
घरी सांगितलं. संध्याकाळी आईचा मावशीला फोन, मग शेजारी, मग पिशवी घेऊन बाहेर. भाजी तर घरात होती.

शनि. २४
विंगेत. पेटीवर वही ठेवून लिहितोय. दुसरी घंटा झाली. मंदार पडद्याशी, हातात कागद, माझं नाव त्यात पहिलं. जाऊन सांगावं का, थांब म्हणून? सांगितलं तर गाणं पुन्हा त्याचंच होणार. नाही सांगितलं तर
सुहास, दारावर तिकिटं बघणारा, आत डोकावून गेला. म्हणाला, मार्केटातल्या कुणी रमीलाबेन आल्यात, आजचा धंदा आवरून, हातात लसणाची जुडी. पहिल्या रांगेत बसवलंय. तुझ्या आईनेच बोलावलंय म्हणे, मुलाची चाल ऐकायला.