जॉबरची रेती

२६ सप्टेंबर १९८३, सोमवार

बातमी पक्की. जॉबरविरुद्ध नोटीस लागली. सेक्रेटरी सामंतांनी जिन्यातच दुजोरा दिला, तोही आपण होऊन. "ताई, वाचलंत ना? तुमचं नाव मुद्दाम घातलेलं नाही हं."

"एका सभासदाच्या घरातील मांजराच्या घाणीमुळे इतरांस होणारा उपद्रव." बिल्डिंगमध्ये मांजर एकच आहे. नाव कशाला घालायला हवं?

निर्णय रविवारी, १६ ऑक्टोबरला, संध्याकाळी पाचला गच्चीवर. दसरा आहे, सगळे घरी सापडतात म्हणे. शुभ दिवस बघून मांजर हाकलणार.

बाबांना सांगितलं. पेपर खाली ठेवला, पुन्हा उचलला. म्हणाले, "ती गेली तर मी पण गावाक जातलंय." एवढंच. गिरणी बंद पडल्यापासून हा माणूस माझ्याशी दिवसाला चार वाक्यं बोलतो. मांजराशी दिवसभर बोलतो. गावच्या घराला छप्पर उरलेलं नाही, आणि त्यांना दमा आहे.

२७ सप्टेंबर

मीटिंगसाठी मुद्दे काढून ठेवते. धंदाच तो आहे, पेपरात दुसऱ्यांचे मुद्दे रोज लावते, एकदा आपले.

१) जॉबर ही बाबांच्या साचेखात्यातली मांजर. उंदरांसाठी ठेवलेली. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, मधून मुकादमासारखी फिरून सगळ्यांची कामं बघायची, म्हणून जॉबर. पट्ट्यात पाय सापडला, तेव्हापासून लंगडी. दोन जिने उतरणं तिला शक्य नाही. म्हणून घरात पेटी.

२) पेटी हापूसची, आत जाड प्लॅस्टिक. पहिल्यांदा पेपर घातले, शिवली नाही. वखारीतला भुसा घातला, त्यात झोपली. तीन दिवस काही केलं नाही, बाबा रडकुंडीला. मग त्यांनाच आठवलं, गिरणीत ती आगीसाठी ठेवलेल्या रेतीच्या बादल्यांत जायची. रेती आणली. पेटीला बाहेरून-आतून लाल ऑइलपेंटही फासला, बादलीसारखा. मांजराला लाल दिसतो की नाही, देव जाणे. बाबांना दिसतो.

३) रोज सकाळी सहाला मी रेती चाळते (पिठाची जुनी चाळण, त्यावर "मांजर" असं खिळ्याने कोरलंय), खडे कागदात बांधते, पेटी फिनेलने पुसते. आठवड्याला सगळी रेती बदलते. पावसात सुकी रेती मिळत नाही, म्हणून वापरलेली चाळून, दोनदा कढत पाण्याने धुऊन, गच्चीवर गोणपाटावर वाळवून परत घेते.

उपद्रव कुठला ते सांगा. पहिल्या मजल्यावर सामंतांच्या देवघरात वास येतो म्हणे. आमच्या घरात येत नाही, खाली बरा उतरतो! त्यांच्या मोरीखालची फुटलेली नळी जूनपासून गळतेय, तिच्याबद्दल मी एक अक्षर काढलेलं नाही.

२९ सप्टेंबर

आज कळस. झाडूवाल्या बाईने माझी पुडी घेतली नाही. "सामंतशेटनं ना बोला है, बिल्ली का नहीं लेने का." बिचारी, तिच्यावर चिडण्यात अर्थ नाही. घराघरांतली कुजलेली कोळंबीची सालं चालतात, लंगोट चालतात, हे चालत नाही.

म्हणून पुडी घेऊन मीच नाक्यावरच्या म्युनिसिपालटीच्या पेटीपर्यंत गेले. ऑफिसची पर्स एका हातात, पुडी दुसऱ्या. पुडीला सुतळी नीट बांधते, सवयच आहे. आज वाटेत सामंत. "काय ताई, मिठाई कुणाला?"

पुडी पेटीत टाकली आणि बस गाठली.

२ ऑक्टोबर, रविवार

विनय कांदिवलीहून आला. माझा भाऊ. जेवला, पान खाल्लं, सल्ला दिला.

"देवनारला सोड यार. डम्पिंगवर खायला मरणाचं मिळतं. झकास राहील."

"तीन पायांवर?"

"तू ना उगाच इमोशनल होतेस. आणि बाबांना माझ्याकडे पाठव, मी कुठे नाही म्हणतो?" त्याची बायको लगेच उठून भांडी गोळा करायला लागली. म्हणजे ती नाही म्हणते.

"मग जॉबरला पण ने."

"अगं, आमच्याकडे कार्पेट आहे!"

तो बोलत होता तेव्हा जॉबर पेटीत होती. रेती उकरण्याचा आवाज. विनयने नाकाला रुमाल लावला. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. तो गेल्यावर, "रुमाल लावता! ह्येचा सगळा मी केलंय. लंगोट धुतलंय ह्येचे." मी म्हटलं, तुम्ही नाही हो, आईने. उठून पेटीजवळ गेले. मग, "बरा. आजपासून रेती मी धुतंय."

दीड वर्षात पहिल्यांदा पेटीच्या कामाला हात लावायची भाषा. वाटून घेतलं. चाळणं माझं, धुणं त्यांचं.

६ ऑक्टोबर, गुरुवार

सर्वपित्री. ऑफिसला लवकर बोलावलं. रेती चाळून बादलीत ठेवली, पाणी तापत ठेवलं, बाबांना दोनदा सांगून निघाले.

संध्याकाळी गच्चीवर गेले तर गोणपाटावर रेती अर्धीच. विचारलं, उरलेली कुठे? "कावळ्यांनी उडयली." कावळे आज पिंडाला सोडून रेतीला कशाला येतील? पण दमले होते, विषय वाढवला नाही.

चूक. बातमी अर्धी वाटली तेव्हाच विचारायला हवं होतं.

७ ऑक्टोबर

घटस्थापना. सामंत आजींनी, म्हणजे सेक्रेटरींच्या आईने, हळदीकुंकवाला हाक मारली. नोटीस मुलाची, आमंत्रण आईचं. गेले. आजींशी माझं काही वाकडं नाही. बाबांच्याच गिरणीत वाइंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात, होत्या पूर्वी, बाबांना अजून "साचेवाले" म्हणतात.

देवघरात पत्रावळीवर मातीचा थर, मध्ये घट, कडेने धान्य पेरलेलं. आजी म्हणाल्या, "ह्या मुंबयत चांगली माती खय गावता? यंदा रेती मिसळलंय. देवीन आपसूकच कुंकू घातल्यान बघ तेच्यात."

वाकून बघितलं. मातीत बारीक लाल कपच्या.

कुंकू नव्हतं. ऑइलपेंट होता.

८ ऑक्टोबर

काल पुढे काहीच लिहवलं नाही. आज बाबांना समोर बसवलं.

त्यांनी सांगितलं, आणि तेही विचारलं म्हणून. आजी गच्चीवर पापड काढायला गेल्या होत्या. "रेती कोणाची रे साचेवाल्या? थोडी घेव काय घटाक?" "तिना इचारल्यान. देवाच्या कामाक नाय कसा म्हणू? मी म्हटलंय, घेवा."

"पण धुतली होती ना?"

जॉबरचे कान चोळायला लागले.

"बाबा, धुतली होती ना?"

"पाणी थंड झाला. मी म्हटलंय, उन्हात पडान हा, उन्हानंच साफ होतली. सांजेक धुतंय." जॉबर त्यांच्या मांडीवर होती. तिला कुरवाळत सगळं सांगत होते.

इतकी संतापले की ओरडता येईना. एक काम. एकच काम मागितलं होतं. रोजची पेटी मी, पुडी मी, फिनेल मी, नाक्यापर्यंतची वरात मी. त्यांच्या वाट्याला दोन बादल्या कढत पाणी. आणि त्यात नेमकं...

आता सांगायचं कसं? घट बसला की नऊ दिवस हलवत नाहीत. आजी नऊ दिवस एकभुक्त, त्यात गुडघे गेलेले, तरी रोज दोन वेळा जमिनीवर बसून माळ घालतात. त्यांना सांगू, की तुम्ही ज्याच्यापुढे हात जोडता त्यात...

"गप रव," बाबा म्हणाले. "कोणाक कळाचा नाय."

मला कळलंय ना.

११ ऑक्टोबर

रुजवण वर आलीय. म्हणजे कशी आलीय! बाकीच्यांच्या घरी अजून बोटभर, आजींच्याकडे वीतभर, दाट, हिरवीगार. चार मजल्यांवरून बायका बघायला जातायत. साठ्यांची सून हात जोडून आली. "एवढी रुजवण म्हणजे देवी प्रसन्न."

खत आहे ते, बाई. काय म्हणू?

स्वयंपाकघरात एकटीच हसले. मग हसल्याचाही राग आला.

१३ ऑक्टोबर

सामंत जिन्यात भेटले. चेहरा फुललेला. "ताई, आमच्याकडची रुजवण बघितलीत? आई म्हणते, तीस वर्षांत अशी आली नाही. घर स्वच्छ ठेवलं ना, की देवी राहते."

घर स्वच्छ ठेवलं.

ऑफिसमध्ये जाऊन मीटिंगचं निवेदन लिहायला घेतलं. पहिलं वाक्य असं उतरलं: "ज्या मांजराच्या घाणीचा सेक्रेटरींना उपद्रव होतो, तिच्यावरच सध्या त्यांच्या घरातली देवी..." इतकं नेमकं वाक्य कित्येक महिन्यांत लिहिलं नव्हतं. सगळी बिल्डिंग हसेल. सामंत पुन्हा कधी नोटीस लावणार नाहीत. जॉबर राहील.

आणि आजी? त्या मीटिंगला असतील. खुर्ची पुढे आणून बसतात.

कागद फाडला. तुकडे पर्समध्ये घालून घरी आणले, टोपलीत टाकायचीसुद्धा भीती. रागाच्या भरात लिहिलेलं छापायचं नाही, हे नव्या मुलींना मीच शिकवते. त्यांना सांगणं सोपं आहे.

तरीही राग गेलेला नाही. खरं बोललं तर म्हातारीचा घट बाटतो, गप्प बसलं तर माझं मांजर जातं. आणि ज्यांनी नोटीस लावली ते मजेत जिन्यात उभे राहून मला स्वच्छता शिकवतात!

१४ ऑक्टोबर

सकाळी सहाला उठले तर मोरीत पाण्याचा आवाज. बाबा उकिडवे बसलेले. पेटी रिकामी, उलटी करून घासत होते. चाळलेली रेती बादलीत, वर वाफ. खोकत होते. मला बघून म्हणाले, "दोनदा धुतलंय." मग, "तीनदा."

मी पुडी घेऊन नाक्यावर गेले. परत आले तर पेटी जागेवर, आणि तिन्ही पायांवर तोल सांभाळत जॉबर आत.

१५ ऑक्टोबर, शनिवार. नवमी.

आजींनी बाबांना आणि मला प्रसादाला बोलावलं. सामंत बँकेतून यायचे होते. बाबा येत नव्हते, ओढून नेलं. रुजवणीकडे बघेचनात, छताकडे बघत बसले.

आजींनी शिऱ्याची वाटी त्यांच्या हातात दिली. "साचेवाल्या, उद्या पयली रुजवण तुझ्या कानाक खोवतलंय. तुझ्या रेतीन झाला ह्या सगळा."

बाबांना ठसका लागला.

"आजी, त्या रेतीबद्दल..." मी सुरुवात केली. खरंच केली. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण अडवलंही नाही.

आजींनी हात वर केला. "माका म्हायत हा, तू मांजराचा बोलतलंस. झिलाची नोटीस मी वाचलंय. काय काळजी करू नको. उद्या मीटिंगीत मीच बोलतलंय. सगळ्यांसमोर सांगतलंय, जेंका तुम्ही घाण म्हणतास, तेंच्या रेतीत माजी देवी नऊ दिस बसली. मगे बघूया कोण मांजराक हात लावता."

मी म्हटलं, "असं नका सांगू."

"कित्याक? खरा ता सांगूक कसली भीती?"

एवढ्यात सामंत आले, चपला काढता काढता, "अरे वा, ताई! उद्या पाचला हं." आजी त्यांना पाणी द्यायला उठल्या. माझं वाक्य तिथेच राहिलं.

घरी आल्यावर बाबा दारातच थांबले. "आता उद्या कोणतरी इचारतलो. रेती मांजरवाल्यांकडे कित्याक होती?"

विचारणारच. सामंतच विचारतील पहिले.

"सकाळी घट उठलो काय मी जातंय तिच्याकडे," बाबा म्हणाले. "घट उठल्यार बाटाचा काय रवणा नाय. मी सांगतंय. धुवूक नाय ता मी धुवूक नाय, तू नाय."

आजी रागावतील की हसतील, सांगता येत नाही. ऐकल्यावर मीटिंगमध्ये बोलायला उठतील की नाही, तेही ठाऊक नाही. दोघांनी मिळून साडेदहाला खाली जायचं ठरलंय. घट दहाला उठतो. मीटिंग पाचला. आजी नाहीच बोलल्या, तर मी बोलेन. मुद्दे तयार आहेत. घटातल्या रेतीचा नाही त्यात.