चालू : दोन

३ फेब्रु. २००७, नेरे
जमिनीच्या एजंटाने आमच्या ओढ्याकडच्या पट्टीचा जुना नकाशा झेरॉक्स काढायला नेला होता. आज म्हणतो, दिलाच नव्हता. ह्यांच्या ट्रंकेतला, एवढाच एक. मीच हातात दिला. हे जाऊन नऊ वर्षं झाली, तरी आधी ह्यांनाच विचारावंसं वाटलं.

४ फेब्रु.
वर्षाला सांगितलं. वरच्या खोलीत भाड्याने राहते, नांदेडची, हिंजवडीत नोकरी. दिवाळीत तिने कंपनीतले जुने कॉम्प्युटर आणून आमच्या भावकीतल्या पाच घरांत बसवले, सगळ्यांच्या कागदांचे फोटो आत घातले. फोनच्या तारेवरून एकाचं पाचांकडे जातं. एकाकडचं पुसलं तरी बाकीच्यांचं राहतं. मधे मोठं मशीन नाही, मालक नाही. म्हणजे इर्जिक, मी म्हणाले. आज सगळे माझ्या रानात, उद्या तुझ्या. हसली. "काकू, आमच्या साहेबांना समजवायला या."
नकाशा त्यात आहे. वकील म्हणाले, एका घरातला फोटो खोटा म्हणतील. निदान दोन घरांत तोच निघाला पाहिजे. पट्टीच्या दाव्याची २६ ला कोर्टात तारीख.

९ फेब्रु.
पाचांतले चालू किती ते पडद्यावर दिसतं. काल पाच, आज तीन. एजंट घरोघर फिरतोय.

१२ फेब्रु.
आला. चहा घेतला. ह्यांच्या फोटोकडे बघत म्हणाला, "वैनी, एकट्या ऱ्हाता. त्यो डबा बंद करा, म्हंजी समद्यांनाच झोप लागंल."
केलाय बंद, म्हणाले. हात पदरात धरले. आतल्या खोलीत मशीनचा पंखा घरघरत होता. ऐकला असेल का

१३ फेब्रु.
धाकटे दीर बाळूभाऊजी बांधावर भेटले. वर बघेनात. "त्यानंच मानूस धाडला वैनी, पुसून गेला. लेकरं हायेत माज्या घरात."
बाकी तिन्ही घरी तेच सांगतात.
पडद्यावर : दोन. एक माझा.

१५ फेब्रु., गुरुवार
लाईट नाही. माझा इन्व्हर्टरवर चालू. गावात दुसऱ्या कुणाकडे इन्व्हर्टर नाही. तरी दोन.
एजंटाच्या ऑफिसात जनरेटर आहे. कुणाचा कॉम्प्युटर उचलून नेला असेल. नाहीतर भाऊजींनी लेकीकडे, भूगावला नेऊन ठेवला. खोटं बोलले असतील, तर बरंच.
दुसरा कुणाचा ते पडद्यावर कळत नाही, वर्षा म्हणाली. मग सावकाश म्हणाली, "काकू, तुम्हाला तो दिसतो, तशा तुम्ही त्याला दिसता."
आणि मी एजंटाला सांगितलंय, बंद केला.
बटणापर्यंत हात नेला. पण भाऊजी असतील तर? त्यांच्या पडद्यावर एकच उरेल. घाबरतील बिचारे.
हात मागे घेतला. कडी दोनदा बघून आले.
अजून दोन.