मुंबईजवळ

मंगळवार, १२ नोव्हेंबर

पैसे मिळणार, असं आज गुंतवणूकदारांनी सांगितलं. अट एकच, कंपनी बंगळूरला हलवायची. मग मला आनंद का होत नाहीये?

कॉलवर त्यांनी आधी विचारलं, ऑफिस कुठं आहे. माझा भागीदार आरिफ पटकन म्हणाला, "मुंबईजवळ." नाशिक म्हणाला नाही. मीही दुरुस्त केलं नाही. कंपनी काढल्यापासून आम्ही दोघं सगळ्यांना हेच सांगत आलोय. मुंबईजवळ.

त्यांचंही चूक नाही. म्हणाले, "इथं बंगळूरला अडलात तर शेजारच्या टेबलावर कुणीतरी सापडतं. तिकडे कुणाला विचारता?" खरं तर अडलो की आम्ही मालेगावला आरिफच्या अब्बांकडे जातो. धागा तुटला की यंत्रमाग थांबवणारं आमचं यंत्र त्यांच्याच मागावर घडलं. आमच्यासाठी ते चालता माग बंद ठेवतात. हे त्यांना सांगितलंच नाही. लाज वाटली की काय?

संध्याकाळी अब्बांचाच फोन आला. आरिफने स्पीकरवर टाकला. "कल आ रहे ना बेटा? तुम्हारे लिए एक लूम खाली रखा है." आरिफ माझ्याकडे बघत म्हणाला, "आते हैं, अब्बा." बंगळूरचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

जाऊ आम्ही. बहुतेक जाऊच. इथं थांबलो तर पैसे कोण देणार? पण तिथं शेजारच्या टेबलावरचं कुणी विचारेल, कुठले तुम्ही? तेव्हा मी काय सांगणार, ते मला आत्ताच ऐकू येतंय.