बारगीरची रजा

९ नोव्हेंबर १९५२, रविवार

बारगीर आज मांगीलालला चावला. उजव्या हाताला, अंगठ्याच्या मुळाशी. चांगला दात रुतवून. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही!

संध्याकाळी घरालगतच्या वाचनालयाच्या ओट्यावर मी वर्तमानपत्रं लावून ठेवत होतो. बारगीर पायाशी. मांगीलाल शेजारच्या घरातून आला आणि सरळ त्याच्या गळ्यालाच हात घातला. विचारणं नाही, सांगणं नाही. जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे, म्हणजे जगातली सगळी जनावरं जणू याच्या तीर्थरूपांची. गळा दाबला तसा बारगीर कळवळला आणि चावला. मीही चावलो असतो.

याच इसमानं गेल्या वर्षी वाचनालयात हिंदी पेपर ठेवा म्हणून अर्ज दिला होता. मी चिटणीस आहे तोवर मराठी वाचनालयात मराठीच येईल, असं तोंडावर सांगितलं. तेव्हापासून आमचा नमस्कार बंद आहे. सगळं राज्य हिंदी झालं, कचेऱ्या हिंदी झाल्या, तरी यांना आमची तीन कपाटं खुपतात!

इंदिरा, माझीच बायको, हळद घेऊन धावली. त्याच्यासाठी. कुत्र्याकडे कुणी बघितलं नाही.

१० नोव्हेंबर

ठाण्याचा शिपाई आला होता. मांगीलालनं तक्रार गुदरली आहे. कुत्रं दहा दिवस बांधून ठेवा, पिसाळलं तर कळवा, गोळी घालावी लागेल, असं शिपाई म्हणाला. गोळी म्हणताना तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

मांगीलालला पोटात चौदा सुया घ्याव्या लागणार आहेत. रोज एक. घ्या.

११ नोव्हेंबर

बांधला. साखळी नाही, इंदिरेच्या जुन्या लुगड्याची पट्टी. चार वर्षांत त्याला कधी बांधलं नव्हतं. मान खाली घालून पडून राहिला. माझ्यावरच रागावलाय असं वाटलं.

मुलगा, अच्युत, इथं असता तर ठाण्यात जाऊन बोलला असता. त्याला ती भाषा येते. पण सरकार थंडीसाठी ग्वाल्हेरला गेलं आणि सरकारबरोबर अच्युतही गेला. फायली, टेबलं, बाबू, सगळी वरात. उन्हाळ्यात परत इंदूर! आमच्या होळकरांच्या कचेरीला कधी चाकं लावावी लागली नव्हती.

१२ नोव्हेंबर

बारगीरच्या गळ्याखाली फुगलंय. लिंबाएवढं. तिथंच, जिथं त्या माणसानं दाबलं. दाबून इजा केली आणि वर तक्रारही यानंच केली.

१४ नोव्हेंबर

भाकरी हुंगली, सोडली. दूध प्यायला.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते इथंच लिहितो. दुसरीकडे कुठं बोलणार नाही. इंदिरेकडेही नाही.

सकाळी मांगीलालचा मेहुणा दारात कागद देऊन गेला. पंतजी, दस्तखत कर दीजिए, बात खतम. कागद उलगडला. वर ठळक अक्षरांत, खाली दोन रेघा मारून – राजीनामा.

मथळा वाचला आणि घडी घातली. पुढं वाचण्यासारखं काय असणार? चिटणीसपद सोडा, मी तक्रार मागे घेतो – दुसरं काय! ओट्यावर बारगीर बसतो हे निमित्त. हिंदी पेपर यायला माझी अडचण आहे, एवढाच अर्थ.

राजीनामा हा शब्द मी एकदा पाहिला आहे. अठ्ठेचाळीस साली, राज्य विलीन झालं तेव्हा. हुजूर कचेरीत तीस वर्षं मोडी लिहिली आणि एका सकाळी सांगितलं की मोडीनवीस नकोत. छापील कागद होता, नुसती सही करायची. केली. घरी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दहाला जेवून, पगडी घालून निघालो. कचेरीत नाही – कुठंही. चार दिवस असा हिंडलो. पाचव्या दिवशी पोलोग्राउंडकडे गेलो होतो. एका वर्कशॉपच्या मागं तारांच्या भेंडोळ्यात पाय अडकलेलं एक पिल्लू ओरडत होतं. दोन्ही हात फाटले पण सोडवलं. पगडीत गुंडाळून भर दुपारी घरी आणलं. इंदिरेनं आधी पिल्लाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि तिला सगळं समजलं.

बारगीर हे नाव मी ठेवलं. बारगीर म्हणजे ज्याचा घोडाही स्वतःचा नसतो असा शिपाई. त्याचं काही नव्हतं, माझंही काही राहिलं नव्हतं. जमलं.

सही करणार नाही. एकदा केली तेवढी पुरे. कागद ट्रंकेत तळाशी टाकला.

१७ नोव्हेंबर

मांगीलाल ओट्यावरून गेला. माझ्याकडे बघून थांबला. काहीतरी विचारणार होता. मी तोंड फिरवलं. बघू किती दिवस थांबतो ते.

१९ नोव्हेंबर

गाठ आता पेरूएवढी. हात लावू देत नाही. ताप आहे. वैद्यांकडून लेप आणला. माणसाचा आहे, पण जनावराला चालेल म्हणाले. लावताना बारगीरनं माझा हात तोंडात धरला, दात लावले नाहीत.

इंदिरा म्हणाली, दवाखान्यात नेऊ. मी म्हटलं, कुणाच्या दवाखान्यात? तिथं चिठ्ठी फाडायला कोण बसतं, ठाऊक आहे ना? ती म्हणाली, वर डॉक्टरसाहेब आहेत ना, तुम्हाला कंपाउंडरशी काय मतलब. मी पानावरून उठलो.

तिला कागदाचं माहीत नाही. मी कुत्रं घेऊन त्याच्या दारात गेलो की तो सहीसाठी पेन पुढं करणार. बारगीरच्या मानेवर सुरी ठेवून राजीनामा मागणार. माझी खात्री आहे.

२० नोव्हेंबर

दहा दिवस पुरे झाले. पिसाळला नाही. पण खात नाही आणि तोंडातून लाळ गळते. गल्ली लाळच बघते. समोरच्यांनी दार लावून घेतलं. यांना चार वर्षं रात्री राखणीला बारगीर चालला!

२२ नोव्हेंबर

पाणीही गिळवत नाही. वाटीशी जातो, जीभ लावतो, मागं सरतो. पुन्हा जातो. शेवटी मी कापूस भिजवून ओठात पिळला. अर्धा तास लागला. अर्धी वाटी गेली असेल.

वाचनालय आज उघडलं नाही. अध्यक्ष अप्पासाहेब येऊन विचारून गेले. त्यांचा चेहरा मी नीट पाहिला. यांनाही ठाऊक आहे का कटाचं? असेल. सगळे मिळालेले असतील.

२४ नोव्हेंबर

लुगड्याची पट्टी सोडली. कुठं जायचाय तो.

२५ नोव्हेंबर

हरलो. लिहायला हात होत नाही. उद्या सही करीन म्हणतो. घ्या वाचनालय, लावा हिंदी पेपर, पण याला वाचवा. सकाळी जाऊन तसं सांगीन.

२६ नोव्हेंबर, बुधवार

जावं लागलं नाही. सकाळी बारगीर उठेना. डोळे उघडे, श्वास घरघरत होता. इंदिरा म्हणाली, "तुम्ही बसा अकडून. मी बुलावून आणते." आणि तशीच पदर खोचून शेजारी गेली.

मांगीलाल धावत आला. अंगात बंडी, हाताला अजून पट्टी, काखेत पेटी. मला वाटलं, आता कागद काढेल. काढला नाही. खाली बसला, चावलेल्याच हातानं बारगीरच्या गळ्याखाली चाचपलं. या वेळी बारगीर कळवळलाही नाही. मांगीलालनं हात काढून घेतला. मग म्हणाला, "पंतजी, अंदर फूट गई है। जहर फैल गया। अब इसको और तकलीफ मत देओ।"

मी विचारलं, काहीच नाही? त्यानं मान हलवली. दवाखान्यात डॉक्टरांना विचारून येतो म्हणून सायकलवर गेला आणि अर्ध्या तासात सुई घेऊन परत आला. तेवढा अर्धा तास आम्हाला मिळाला.

डोकं मांडीवर घेतलं. कान अजून गरम होते. इंदिरेनं पायाच्या जुन्या व्रणावरून हात फिरवला, जिथं तार रुतली होती. तिथं केस कधी आलेच नाहीत. ती त्याच्याशी मालवी बोलीत बोलत होती, अच्युत तान्हा असताना बोलायची तसं. तीस वर्षं कचेरीत काढलेला माणूस, शेवटी मला कचेरीतलंच सुचलं. कानाशी वाकून म्हणालो, "बारगीर, रजा मंजूर आहे." शेपटी हलली. हलली असं मला वाटलं. इंदिरा म्हणते, हलली.

सुई दिली. अकरा वाजून गेले होते.

मागच्या अंगणात पुरला. खड्डा मांगीलालनं खणला. मला खणू देईना. जाताना म्हणाला, "पंद्रह दिन पहले ले आते।" एवढंच. मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. कुत्रं मेल्यावरही टोमणा मारायचा सोडत नाही हा माणूस.

२७ नोव्हेंबर

घरात पाऊल टाकताना अजून खाली बघून टाकतो. शेपटीवर पाय पडेल म्हणून.

दुपारी कागद घेऊन बसलो. मनात म्हटलं, आता कशासाठी धरून ठेवायचं? ओट्यावर एकट्यानं बसवणार नाही. हवाय ना यांना राजीनामा, देऊन टाकतो. पण त्यांच्या कागदावर नाही, माझ्या! वर बाळबोधीत मोठ्या अक्षरांत ‘राजीनामा’ लिहिलं. खालचा मजकूर मोडीत. हाताला तीच सवय. मी आपल्या खुशीने वाचनालयाचे चिटणीसपद सोडत आहे. खाली सही. चार वर्षांनी मोडी लिहिली, एकही अक्षर चुकलं नाही.

२८ नोव्हेंबर

कागद अप्पासाहेबांकडे न देता आधी मांगीलालच्या दारात नेला. म्हटलं, याला बघू दे. हातात दिला आणि म्हणालो, "हा घ्या. मिळाला ना तुम्हाला राजीनामा?"

त्यानं मथळा वाचला. खाली मोडी बघून गोंधळला, मग सही बघितली. आणि रडायलाच लागला! माझे दोन्ही हात धरले. "देर से सही, पंतजी। अब मन में गुस्सा तो नहीं ना?" त्याच्या बायकोनं आतून पाण्याचा तांब्या आणला. मी पाणी घेतलं नाही. असला नाटकी माणूस मी कचेरीतही पाहिला नव्हता. एवढंसं वाचनालय, तीन कपाटं – त्यासाठी कुणी रडतं?

कागद त्यानं खिशात घातला आणि सायकलवर बसून ठाण्याकडे गेला. अप्पासाहेबांकडे नाही, ठाण्याकडे! मोठा विजय झाला, तो सगळीकडे दाखवायला नको?

२९ नोव्हेंबर

ठाण्याचा शिपाई येऊन सांगून गेला, तक्रार फाइलबंद झाली, राजीनामा दाखल. म्हणजे पोलीससुद्धा वाचनालयाच्या कटात! हसूही येत नाही.

इंदिरा सकाळी शेजारी गेली ती तासाभरानं आली. मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. पानात लिंबाचं लोणचं वाढलं. त्यांच्याकडचं होतं. खाल्लं नाही.

३ डिसेंबर

अप्पासाहेबांनी विचारलं, वाचनालय का उघडत नाही? म्हटलं, मी चिटणीस नाही आता. ते म्हणाले, कुणी सांगितलं? मी चिडून निघून आलो. हे लोक आता मला वेडाही ठरवणार.

६ डिसेंबर, शनिवार

अच्युत दोन दिवसांच्या रजेवर आला. आल्या आल्या म्हणाला, आईनं सांगितलं, मांगीलालजींशी राजीनामा केलात, बरं झालं. मी ओरडलो. त्यानं मला खाली बसवलं. म्हणाला, "बाबा, नोकरी सोडणं म्हणजे यांच्या हिंदीत इस्तीफा. राजीनामा म्हणजे समेट. दोघं राजी झाले असा कागद."

ट्रंकेतून कागद काढला. मथळ्याखाली चारच ओळी. मैं शिकायत वापस लेता हूँ। कुत्ते के गले में गाँठ पक रही है, चीरा देना जरूरी है। आठ दिन मेरे पास छोड़ दें। ठीक करके लौटा दूँगा।

तारीख सोळा. बारगीर सव्वीसला गेला.