आये, मी वासरं आत घेतली

आये,

तुला वाचता येत नव्हतं आणि मला धड लिहिता येत नाही. आठवीनंतर पेन हातात धरलं ते फक्त पिकअपच्या पावत्यांवर सही करायला. तरी लिहितोय. जमंल तसं समजून घे.

तू पावसाळ्यात गेलीस तेव्हा नाही लिहिलं. दिवाळी करून इकडं इटलीत आलो, तेव्हाही नाही. मग आजच का? माझ्या हातून एक घोळ झालाय, आणि तो का झाला हे या सगळ्या मुलखात एकालाही कळत नाही. दादांना फोनवर सांगायला गेलो. ते म्हणाले, "जेवतो ना येळेवर?" आणि फोन ताईकडं दिला. ताई म्हणाली, "आता रं काय व्हईल?" मला काय माहीत काय होईल. म्हणून तुला विचारतोय.

आधी गोठा सांगतो, मग घोळ सांगतो.

गोठा केवढा म्हणशील, तर ओतूरचा बैलबाजार आत मावंल एवढा. गायी आपल्याकडच्याच, काळ्या-पांढऱ्या, फक्त अंगानं दीडपट. मालकाचं नाव पावलो. माणूस वाईट नाही, पण हसायला वेळ लावतो. धारा काढायला सुखा आहे. तो पंजाबचा, त्याचे केस इथंच पांढरे झालेत. माझ्याकडं शेण, गव्हाणी आणि वासरांचं दूध. मालकाचं मला कळत नाही, माझं मालकाला कळत नाही, मधे सुखा. तुला त्याची हिंदी आवडली असती. शिवी देतानासुद्धा आधी "पुत्तर" म्हणतो.

नाताळात इथं सुट्टी पडली की गाव दार लावून घेतो. दुकानं बंद, रस्त्यावर माणूस नाही. खिडक्यांमध्ये दिवे लागलेले, पण आतलं माणूस दिसत नाही. आपल्याकडं सणाला माणूस बाहेर येतं, इथं आत जातं. मालक बायको-पोरं घेऊन डोंगरात सासुरवाडीला गेला. जाताना मला मनुके घातलेला एक उंच गोल पाव आणि दारूची एक बाटली देऊन गेला. वर सुखाकडून सांगितलं, "परत आल्यावर बघू, तुझा नोकरीचा कागद पक्का करायचा का नाय ते." म्हणजे सुट्टी त्याला, परीक्षा मला.

सुखाचं बिऱ्हाड गावात. धारा झाल्या की तो जातो, पुढच्या धारेला येतो. मधल्या वेळात गोठ्यात मी एकटा. इथं साडेचारलाच अंधार पडतो. आणि धुकं. माळशेजचं धुकं येतं आणि जातं गं, हे मुक्कामाला येतं. दहा पावलांवरचा ट्रॅक्टर दिसत नाही.

आता वासरांचं ऐक. इथं वासरू जन्मलं की त्याला बाहेर ठेवतात. खरंच सांगतो, बाहेर! आत्ता तीन आहेत, एकेकाला पांढऱ्या प्लास्टिकचं खोपट, पुढं कमरेएवढं कुंपण, खाली गवत. थंडीत, उघड्यावर, एकटं. सुखा म्हणाला, एकाचा रोग दुसऱ्याला लागू नये म्हणून, आणि बाहेरची हवा त्यांना मानवते. मी मान हलवली. पण आये, मी त्या कुंपणाला कंबर लावून बघितली. कमरेएवढं कुंपण. बिबट्या त्याच्यावरून चालत जाईल, उडीसुद्धा मारावी लागणार नाही.

मालकाचा कुत्राही बाहेरच झोपतो. गळ्यात खिळ्यांचा पट्टा नाही, काही नाही. मी सुखाला विचारलं, "हा अजून जिवंत कसा?" त्याला वाटलं मी कुत्र्याच्या वयावरून बोलतोय.

मला कळत नव्हतं असं नाही. इथं बिबट्या नाही हे मला माहीत आहे. पण हे दिवस कसले आहेत तूच सांग. तिकडं आता ऊसतोड चालू असंल. फड तुटायला लागले की बिबटे पिलं घेऊन वस्तीकडं सरकतात. या दिवसांत आपण कधी अंधारात मोबाईलवर गाणी लावल्याशिवाय बाहेर गेलोय? तू तर मला परसाकडंसुद्धा काठी आपटत जायला लावायचीस. इथं पहिल्या आठवड्यात मी खोलीवरून गोठ्याकडं येताना तसाच आलो, गाणी मोठ्यानं लावून, काठी आपटत. शेजारची म्हातारी खिडकी उघडून बघायला लागली. दुसऱ्या दिवशी सुखानं विचारलं, "पुत्तर, बारात किसकी थी?"

आणि तुला ती कालवड आठवते? मी तिसरीत होतो. सकाळी खुंट्याला नुसतं दावं राहिलं होतं. तू ते दावं हातात घेऊन उसाच्या कडेला बसून राहिलीस, दादांनी उठवलं तरी उठली नाहीस. त्या दिवसापासून आपल्या घरात वासरू बाहेर राहिलं नाही. तुझ्या खाटेच्या पायाला बांधायचीस आणि दाव्याचं टोक मनगटाला गुंडाळून झोपायचीस. घरात मुताचा वास यायचा, पावण्यांसमोर मला लाज वाटायची. तुला नाही वाटली कधी. एकदा मावशी म्हणाली, "अगं, पोरगं खाली आन् वासरू खाटंला?" तू म्हणालीस, "पोरगं वरडंल. वासरू वरडायच्या आत नेतंय ते."

हे असं ऐकत वाढलेल्या माणसानं त्या धुक्यात काय करावं?

नाताळच्या आदल्या दिवशी मालकाची गाडी गेली. संध्याकाळी मी दूध पाजून निघालो, तर कुंपणापलीकडं बॅटरीच्या उजेडात दोन डोळे चमकले. खाली, जमिनीलगत. असंल मांजर, असंल कोल्हा. मी थांबून बघितलं नाही. सरळ कुंपणं उघडली, तिन्ही वासरं ढकलत गोठ्यात नेली. कोपऱ्यात एक कप्पा रिकामा होता, गवताचा जाड थर, उबदार. तिथं घातली आणि आडणा लावला. खोलीवर आलो आणि इटलीत आल्यापासून पहिल्यांदा मला गाढ झोप लागली.

सकाळी सुखा यायच्या आत परत त्यांच्या खोपटात सोडली. दुसऱ्या संध्याकाळीही तेच केलं. तिसऱ्याही. कुणाला कळलं नाही. मला वाटलं, चाललंय की बरं. वासरंही मला बघून दारात उभी राहायला लागली होती.

तो कप्पा रिकामा का होता, हे मी कुणाला विचारलं नाही.

सगळ्यात लहान कालवड, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, तिनं एका सकाळी दूध सोडलं. दुपारपर्यंत हगवण लागली, पिवळं पाणी नुसतं. संध्याकाळी उभीच राहीना. सुखानं तिचा कान हातात धरून बघितला, गार. मग तो कशाला तरी गोठ्याच्या कोपऱ्यात गेला आणि तिथं त्याला कप्प्यात वासरांचं शेण दिसलं. परत आला तेव्हा आधी "पुत्तर" म्हणाला नाही.

"ओए, बछड़े अंदर तूने डाले?"

"हो."

"उधर बीमार गाय थी. पिछले हफ्ते उठाई है. धुलाई बाकी थी उसकी."

मी कालवडीखालचं ओलं गवत ओढून काढलं.

"क्यों डाले?"

"बिबट्या," मी म्हणालो. "तेंदुआ."

त्यानं कालवडीवर पोतं टाकलं. मग म्हणाला, "डॉक्टर चाहिए. डॉक्टर मालिक के बिना नहीं आएगा. मालिक को बताएगा तो नौकरी गई. नहीं बताएगा तो बछड़ी गई. सोच ले."

आये, तू म्हणायचीस माझ्या पायाला भिंगरी आहे. चाकणला टिकलो नाही, वाशीच्या गाडीवर टिकलो नाही, आळेफाट्याच्या हॉटेलात तर दोन पगारसुद्धा घेतले नाहीत. तुला वाटायचं मला कंटाळा येतो. कंटाळा नाही गं, काही बिघडलं की मालक यायच्या आत मी निघायचो. त्या संध्याकाळीही मी खोलीवर गेलो आणि बॅग काढली. सुखाचा एक भाचा दुसऱ्या गावात गोठ्यावर आहे, तिथं माणूस पाहिजे असं त्यानंच मागं सांगितलं होतं. कपडे कोंबले. बूट घालायला बसलो तर बुटाला कालवडीचं ते पिवळं लागलेलं. ते पुसल्याशिवाय बस-गाडीत कसं चढायचं? नळावर गेलो. नळ गोठ्याच्या दाराशीच आहे. तिथून ती दिसत होती. मान जमिनीला टेकलेली, आणि सुखा, घरचं जेवण सोडून, तिच्या तोंडात बाटलीनं मीठ-साखरेचं पाणी घालत होता. त्याच्यावर तर काही आलं नव्हतं.

मी म्हणालो, "लाव फोन."

मालकानं उचलला. मागं त्याच्या पोरांचा दंगा चाललेला. मी मोडकंतोडकं बोललो, वासरू, आत, मी, आजारी. त्यानं विचारलं, का? बिबट्याला इथला शब्द मला येत होता, कारण तो इंग्रजीसारखाच आहे. मी म्हणालो, "लेओपार्दो."

पलीकडं त्यानं पोरांना गप्प केलं. मग तो काहीतरी म्हणाला आणि सुखानं फोन कानाला लावला.

"पूछ रहा है, तूने पी तो नहीं?"

"बाटली फोडलीपण नाही, सांग त्याला. कपाटात आहे, येऊन बघ म्हणावं."

सुखा लांबलचक काहीतरी बोलला. हात हलवून, जणू मालक समोरच आहे. फोन ठेवल्यावर म्हणाला, "मैंने बोल दिया, इसके गाँव में गन्ने के अंदर शेर रहते हैं."

"शेर नाही. बिबट्या."

"ओए, एक ही बात है. डॉक्टर आ रही है. पानी गरम कर."

डॉक्टर बाई माझ्याच वयाची असंल. धुक्यातून आली, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. कालवडीच्या मानेत सुई घातली आणि सलाईनची बाटली माझ्या हातात दिली. हूक नव्हता तिथं. मी उभा राहिलो हात वर करून. नारायणगावच्या दवाखान्यात तुझ्या खाटेला हूक होता. मला धरायला काही नव्हतं, नुसतं बसून थेंब बघायचे. इथं खांदा भरून आला तरी मी सुखाला बाटली दिली नाही.

तिथं तू शेवटी मला काय विचारलंस ते आठवतं? औषधाचं नाही, दादांचं नाही. "वासरू आत घेतलं का रं?" मी दवाखान्यातच होतो, तरी म्हणालो, "घेतलं." मग तू डोळे मिटलेस.

रागावू नको, पण एक विचारू? बिबट्याला भ्यायला शिकवलंस, ते चांगलंच केलंस. पण तो जिथं नाही तिथं काय करायचं? अंधार पडला की माझे हात आपोआप कुंपणाकडं जातात. तुझं ऐकायचं थांबवलं तर तू आणखी लांब जाशील असं वाटतं. हे खरं भ्या आहे माझं. डोळे-बिळे तर निमित्त.

आज सकाळी कालवडीनं मान उचलली. बोट तोंडात दिलं तर चोखलं. उभी राहत नाही अजून. डॉक्टर बाईनं काल रात्री जाताना सुखाला सांगितलं, आजचा दिवस गेला तर जगंल. दिवस जातोय. मी दर थोड्या वेळानं जाऊन पोट हलतंय का बघतो आणि परत येऊन दोन ओळी लिहितो. म्हणून अक्षर असं आहे.

मालक उद्या सकाळी येतोय. फोनवर एवढंच लिहिलंय, उद्या बोलू. त्याचा अर्थ काय असंल? मी सुखाला विचारलं, मालक असं कधी लिहितो. तो म्हणाला, "जब बोलना हो." आता याला काय म्हणावं?

कप्पा मी धुतला. दोनदा धुतला. बॅग रिकामी केली, कपडे परत खुंटीला लावले. उद्या त्यानं जा म्हटलं तर जाईन, पण त्याच्यासमोर उभं राहून, सगळं ऐकून, दारातनं. एवढा शब्द देतो तुला. आजवरची एकही नोकरी मी दारातनं सोडलेली नाही.

आणि दुसरा शब्द. तो द्यायला जड जातंय. आजारी कालवड डॉक्टर बाईनं सांगितल्या जागी, वेगळी ठेवलीय. पण बाकीची दोन त्यांच्या खोपटात आहेत आणि आता साडेचार वाजत आलेत. आज ती बाहेरच राहणार. दूध पाजीन, गवत वाढवीन, कुंपणाची कडी लावीन आणि माघारी येईन. तू विचारलंस तर यावेळी मी "घेतलं" म्हणणार नाही. नाही घेतलं, आये. बाहेर आहेत. झोप तू.

तुझा
अक्षू