तपासायला किती वेळ लागतो

ता. ८, सोमवार

तपासनीस साहेबांना (बाई असाल तर बाईंना) नमस्कार.

इकडे आम्ही तिघं ठीक आहोत. तुमच्याकडेही सगळे बरे असतील. तुमचं नाव मला माहीत नाही, ते कुणालाच सांगायचं नसतं म्हणे. म्हणून पाकिटावर मासिकाच्या संपादकांचा पत्ता घालतेय, ते पुढे पाठवतील. मी सातवीपर्यंत शिकलेय, लिहिण्यात चुका असतील.

चौदा महिन्यांपूर्वी माझ्या नवऱ्याने लिहिलेले कागद छापण्याआधी तपासायला तुमच्याकडे आले. कॉम्प्युटरच्या मागचं जे गणित असतं, त्यातले. वर नाव नसतं, पण बावीस पानं आहेत आणि नवव्या पानावर कोळ्याच्या जाळ्यासारखी आकृती आहे. आता आठवले असतील. ते टपालात टाकून हे तसेच दवाखान्यात आले आणि त्याच दुपारी आमची मुलगी झाली. तेव्हा तिला मान धरता येत नव्हती. आता तिला सहा दात आहेत, भिंतीला धरून चालते, ह्यांचा चष्मा ओढते. एवढ्यात तुमची बावीस पानं वाचून झाली नाहीत?

मला राग आलाय, ते सरळच सांगते.

मी घरी बसून शिंप्याची काजं-बटणं करते. पन्नास शर्ट नेऊन दिले की मालक उभ्या उभ्या तपासतो. चूक दिसली तर तोंडावर फेकतो. पण फेकतो तरी. शर्ट कपाटात टाकून चौदा महिने घरी जाऊन बसला असता तर त्याच्या दुकानाला कधीच टाळं लागलं असतं. तुमच्यात मात्र असं करणाऱ्याला मोठा माणूस म्हणतात.

तुमचा विषय मला कळत नाही असं समजू नका. ह्यांनी मला बटणांवरून सांगितलाय. डब्यात हजार बटणं आहेत, त्यातली अगदी एकसारखी सहा शोध म्हटलं तर अख्खी दुपार जाते. पण कुणी सहा काढून हातावर ठेवली तर ती सारखी आहेत का ते लगेच दिसतं. शोधणं अवघड, तपासणं सोपं. सगळीकडे असंच असतं, की शोधायचीही एखादी सोपी रीत आहे आणि ती आपल्याला दिसत नाहीये, ह्यावर म्हणे मोठमोठी माणसं डोकं फोडतायत. मी म्हटलं, तपासणं एवढं सोपं आहे तर तपासणाऱ्याला चौदा महिने कसे लागतात? तर हे म्हणाले, "माणसाचं वेगळं असतं."

काय वेगळं असतं? हातपाय नसतात का?

आमचं काय चाललंय ते सांगते. ह्यांची कॉलेजातली नोकरी कच्ची आहे. जूनअखेर कागद मंजूर झाल्याचं पत्र आलं नाही तर जागा दुसऱ्याला देणार. म्हणजे ह्या वसाहतीतल्या दोन खोल्याही गेल्या. परवा खातेप्रमुख जिन्यात भेटले. मुलीच्या गालाला हात लावून म्हणाले, "काय गं, बाबांचं काही छापून येतंय की नुसतीच तू आलीस?" हसत म्हणाले. मीही हसले. वर येऊन दार लावलं तर कडी तीन वेळा घातली तेव्हा लागली.

हे तर रोज टपालाच्या वेळेला गॅलरीत कपडे वाळत घालायला जातात. लग्न झाल्यापासून कधी बादलीला हात लावला नव्हता. पोस्टमन खालून मान हलवतो, मग हे उरलेले कपडे तसेच पिळ्यांसकट दोरीवर टाकून आत येतात. चिडत नाहीत, ओरडत नाहीत. मला मेलं तेच बघवत नाही.

आमच्या घरात कुणी असं वागलं असतं तर, असं लिहिणार होते. पण राहू दे.

एवढंच विचारते. कुणीतरी दोन-तीन वर्षं घालून केलेलं काम असं दाबून ठेवायला लाज कशी वाटत नाही

ता. १३, शनिवार

वरचं वाक्य मी पुरं करू शकले नाही. पाच दिवस पत्र मशीनच्या खणात पडून होतं. आज पुढचं लिहिते, आणि वरचं खोडत नाही.

आमच्याकडेही असंच एक बाड होतं. दहा महिन्यांपूर्वी आलं. ह्यांनाही तपासनीस केलं होतं. नाव काढलेलं, एकतीस पानं, तीन महिन्यांत कळवा असं संपादकांचं पत्र. पहिली चार पानं वाचून हे जेवले नाहीत. मी फार विचारलं तेव्हा म्हणाले, ह्याने माझ्याच गोष्टीला हात घातलाय आणि माझ्या पुढे गेलाय. हे आधी छापलं गेलं तर माझं शिळं. एवढं बोलून ते बाड टेबलावर पालथं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी हे कॉलेजात गेल्यावर मी ते उचललं आणि ट्रंकेत, मुलीच्या आखूड झालेल्या झबल्यांखाली ठेवलं. मी ठेवलं. ह्यांनी नाही. संपादकांची दोन आठवणीची पत्रं आली, तीही मीच तिथे ठेवली. मला काही कळत नव्हतं असं म्हणणार नाही. सगळं कळत होतं. मांडीवर चार महिन्यांचं पोर होतं आणि घर जाईल ह्या भीतीने माझं दूध आटत चाललं होतं.

ह्यांनी एकदाच विचारलं, ते बाड बघितलंस का. मी म्हटलं, तुमचं तुम्हीच कुठे ठेवलं असेल. मग ह्यांनी शोधलं. दोन खोल्यांचं घर, एक टेबल, एक कपाट, एक ट्रंक. टेबल बघितलं, कपाट बघितलं. ट्रंकेवर बसून घाम पुसला आणि म्हणाले, सापडत नाही. तेव्हाच मला कळलं की ह्यांना ते सापडायला नकोय. मी ट्रंक उघडली नाही, ह्यांनीही नाही. दहा महिने आम्ही दोघं मिळून तुम्हाला नावं ठेवत होतो.

सोमवारी तुम्हाला लाज विचारायला बसले आणि पेन अडलं. मंगळवारी सकाळी ट्रंक उघडली आणि बाड ह्यांच्या वहीवर ठेवलं. कागदांना पावडरचा वास येत होता. ह्यांनी हुंगलं.

"ट्रंकेत?"

"हो. तुम्हाला माहीत होतं?"

हे खुर्ची ओढून बसले. चार दिवस वाचत होते. मी मुलीला घेऊन शेजारच्या खोलीत. काल दुपारी बाहेर आले आणि म्हणाले, बरोबर आहे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मी विचारलं, मग आपलं चूक?

"नाही गं. दोन्ही बरोबर आहेत. त्यांनी तीन खोल्या बांधल्यात, मी एक."

"मग एक तरी आपली आहे ना," मी म्हटलं.

संध्याकाळच्या टपालात ह्यांनी संपादकांना तसं लिहून टाकलं, मीही बरोबर गेले होते. उशीर झाल्याची माफी मागितली, कारण लिहिलं नाही. माझ्यावर ढकललं नाही आणि खोटंही बोलले नाहीत. चार दिवस, साहेब. तपासायला चार दिवस लागतात.

येताना जिन्यात हे म्हणाले, कॉम्प्युटरमध्येसुद्धा असं होतं. एकाला हवं ते दुसऱ्याच्या हातात, दुसऱ्याला हवं ते ह्याच्या हातात, आणि दोघंही आधी तू सोड म्हणून थांबलेले. मग कुणीच हलत नाही. कुणीतरी एकाने हातातलं सोडायचं, एवढाच उपाय.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच आहे. नावं काढलेली असतात. कोण जाणे, ती एकतीस पानं तुमचीच असतील. तुमच्या घरीही कुणी पोस्टमनची वाट बघत गॅलरीत उभं राहत असेल. तसं असेल तर दहा महिन्यांबद्दल माझी चूक पदरात घ्या. तसं नसेल तर मी रागात लिहिलेलं सगळं तसंच्या तसं धरा.

जून संपायला सतरा दिवस आहेत. मला अजून भीती वाटतेय. पत्र ह्यांना दाखवलेलं नाही. चांगलं लिहा असं सांगत नाही. चूक असेल तर चूक म्हणा, तोंडावर फेका. पण ट्रंक उघडा.

तुमचं नाव मला माहीत नाही, म्हणून माझंही लिहीत नाही.

तुमच्यासारख्याच एका तपासनिसाची बायको