गळ्याचं माप

दारव्हा, पौषातला मंगळवार, दिवेलागण

दुकानात आज एकही गिऱ्हाईक नाही. कापसाले भाव नाही, तं नवे कपडे कोण शिवते?

दुपारी शेजारच्यांच्या फोनवर पोरगी बोलली. दीड वर्षानं. तिनं आपल्या मनानं लग्न केलं म्हणून मीच अबोला धरला होता, नातवाच्या बारशालेही गेली नाही. तिनं ते काही काढलं नाही. म्हणे, "आई, बाळ लाथा मारते, गोधडी तोंडावर येते. डॉक्टरीणबाई म्हणते, सुटं पांघरूण नको. बिनबाह्यांची झोपपिशवी शिवून दे. गळा मोठा नको ठेवू, डोकं आत सरकते."

माझं मऊ, जुनं सुती लुगडं काढलं. आत कापूस भरायचा नाही, पाय हलवाले खाली घेर ठेवायचा. सगळं बेतलं अन् गळ्यापाशी कैची थांबली. अंदाजानं कापू? पण इथंच तं अंदाज चालत नाही.

तीस वर्षं गावाचे गळे मापले, अन् घरचाच राहिला. काहून? माझ्याच हट्टापायी ना?

लुगडं, कैची, टेप पिशवीत टाकले. सकाळच्या एसटीनं यवतमाळले पोरीच्या घरी जाईन. दारात उभी राहून काय म्हणू?

माप घ्याले आली, एवढंच म्हणीन.